प्रत्ययाचा प्रत्यय

दिवाळीच्या सुटीत माझी नात पुण्याहून नागपुरास आली, ती दप्तर घेऊनच आली. हल्लीच्या मुलांना सुटीतही अभ्यास असतो. एका दुपारी घरात चकल्यांचा वास दरवळत असताना ती वही घेऊन माझ्यापाशी बसली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आजोबा, 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होतं ना? मग 'मंगूस'चं 'मंगीस' का नाही? बाईंनी काट मारली आहे."

मी म्हणालो, "बाईंनी बरोबर काट मारली. 'मंगूसेस' असे लिही."

"पण का?"

हा 'का' मला टाळता आला नाही. व्याकरण शिकवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो टाळला आहे. आमच्या वेळीही 'गो–वेंट–गॉन', 'ईट–एट–ईटन' ही रूपे आम्ही पावकी-निमकीसारखी डोलत डोलत म्हणत असू. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पाने झिजून तिचे कोपरे गोल झाले, पण 'गो'चे 'वेंट' का होते हे विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. नातीच्या प्रश्नाने मात्र मला विचारात पाडले; आणि विचार करता करता जे इंग्रजीविषयी वाटू लागले होते ते मराठीविषयी कधी वाटू लागले, ते समजलेच नाही. तेच येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम त्या हंसाचे पाहू. 'गूस' हा इंग्रजीचा घरचा, फार जुना शब्द. संस्कृतातला 'हंस' आणि हा 'गूस' एकाच मूळ कुळातले. म्हणजे आपला तो दूरचा चुलतभाऊच. फार पूर्वी त्याच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात एक इकार होता. त्या इकाराच्या ओढीने शब्दाच्या पोटातला स्वर बदलला. पुढे प्रत्यय गळून गेला, पण ओढ राहिली. 'फूट'चे 'फीट' आणि 'टूथ'चे 'टीथ' याच वाटेने झाले. पाहुणा निघून गेला तरी त्याने सरकवलेली खुर्ची तशीच राहावी, तसा हा प्रकार आहे.

'मंगूस'ची कथा निराळी. त्याचा 'गूस'शी काडीचा संबंध नाही. तो आपला मुंगूस! मराठीतूनच तो इंग्रजीत गेला, असे इंग्रजी कोशकार सांगतात. इंग्रज येथे आले, त्यांनी सापाशी झुंजणारा हा चपळ प्राणी पाहिला आणि नावासकट तो उचलला. पण उचलताना त्याचे मराठी प्रत्यय येथेच टाकून दिले. आपण 'मुंगूस' म्हणतो, पण 'मुंगसाला', 'मुंगसांनी' असे चालवतो. जसे 'माणूस' पण 'माणसाला', 'लाकूड' पण 'लाकडाला'. इंग्रजांनी त्या मधल्या ऊकाराच्या लोपाकडे ढुंकून पाहिले नाही. नवा शब्द घरात आला की त्याला घरचा चालू प्रत्यय लावावयाचा, ही त्यांची रीत. तेव्हा त्यांनी शेवटी 'एस' लावला आणि विषय संपवला.

हीच रीत त्यांनी आपल्या सगळ्या शब्दांना लावली आहे. आपला 'पंडित' त्यांच्याकडे जाऊन 'पंडिट्स' झाला, 'बंगला' गेला तो 'बंगलोज' झाला. हिंदीतील 'लूट' हा शब्द तर त्यांनी नाम म्हणूनही घेतला आणि धातू म्हणूनही. त्याला 'लूटेड', 'लूटिंग' असे भूत आणि वर्तमान काळाचे अलंकार घातले. ही लूट नुसत्या शब्दापुरती नव्हती हे खरे. पण व्याकरणापुरते बोलावयाचे तर इंग्रजांनी आपल्या शब्दांबरोबर आपले प्रत्यय कधीच नेले नाहीत. 'पंडितांनी' असा शब्द कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही.

आता मौज अशी की, इंग्रजीजवळ प्रत्ययांची पुंजी मुळात फार थोडी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तीन लिंगे होती, विभक्तीची निरनिराळी रूपे होती. संस्कृत न जाणणाऱ्यालाही ती पाहून घरचे वाटावे. पुढे नॉर्स लोकांशी सहवास घडला, नॉर्मनांचे राज्य आले, शब्दाच्या आरंभीच्या अवयवावर आघात देण्याच्या सवयीने शेवटचे प्रत्यय पुसट होत गेले, आणि ती सारी श्रीमंती झडून गेली. आज नामाला अनेकवचनाचा एक 'एस' आणि मालकीचा एक 'एस', एवढेच उरले आहे. त्यातही 'कॅट्स'मध्ये तो 'स' ऐकू येतो, 'डॉग्ज'मध्ये 'झ' आणि 'हॉर्सेस'मध्ये 'इझ'. पण लिहिताना एकच. क्रियापदाला 'सिंग, सिंग्ज, सँग, संग, सिंगिंग' अशी फार तर पाच रूपे. 'असणे' या अर्थाच्या धातूची तेवढी आठ. इतक्या थोड्या भांडवलावर ती भाषा जगभर व्यापार करते, याचे कारण तिने प्रत्ययांचे काम शब्दांच्या क्रमावर सोपवले आहे. 'रामाने रावणाला मारले' यातले शब्द आपण कसेही फिरवले तरी मार रावणालाच बसतो. इंग्रजीत शब्द फिरवले की मार रामाला बसतो!

म्हणून इंग्रजी गरीब आणि मराठी श्रीमंत असा निकाल मी देणार नाही. 'गो'चे 'वेंट' होते याला आम्ही शाळेत हसत असू. 'वेंट' हे वस्तुतः 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच धातूचे रूप. ते 'गो'च्या घरी दत्तक आले आहे. पण आपल्या 'जा'चे 'गेला' होते तेव्हा आपल्याला कोठे हसू येते? तेथेही 'या' धातूच्या घरी 'गम्' धातूचा मुलगा दत्तक आहे. आपले 'पडणे–पाडणे', 'मरणे–मारणे', 'तुटणे–तोडणे' पाहा. आतला स्वर बदलून आपण आपोआप घडणाऱ्या क्रियेची मुद्दाम केलेली क्रिया बनवतो. इंग्रजीतही 'फॉल' म्हणजे पडणे आणि झाड 'फेल' करणे म्हणजे पाडणे. दोन्ही भाषांचे हाड एकच आहे. मांस कमीजास्त आहे.

येथवर ठीक. पण हे सारे नातीला सांगताना मला माझी आई आठवली, आणि तिची आठवण येताच मन जरा खजील झाले.

माझी आई मराठी दुसरीपर्यंत शिकलेली. इंग्रजीचा गंध नाही. तरी तिच्या बोलण्यात दिवसाकाठी पंचवीस-तीस इंग्रजी शब्द सहज येत आणि त्यांतला प्रत्येक शब्द ती चालवी. 'टेबलाखाली झाडून घे', 'बँकेतून नोटा आण', 'सायकलीवरून पडू नको', 'ठेसनावर कोन येनार हाय?' नागपूरला १८६७ साली रेल्वे आली, त्याबरोबर स्टेशन, तिकीट, इंजिन, गार्ड ही मंडळी आली. आणि दोन पिढ्यांत ती आईच्या ओसरीवर मांडी घालून बसली. मी घरातला इंग्रजी शाळेत गेलेला पहिला मुलगा. एकदा आम्ही वर्ध्याला निघालो असताना पाहुण्यांच्या देखत मी तिला टोकले, "आई, 'तिकिटं' नव्हे, 'टिकेट्स' म्हणावं." ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुह्ये टिकेट्स तुह्यापाशी ठेव बापा, माह्ये तिकिटं मले दे."

पाहुणे हसले. मला वाटले, ते आईला हसले. आज वाटते, ते मला हसले असावेत. आणि नसतील हसले तर हसायला हवे होते. कारण व्याकरणात चूक माझी होती आणि ती बरोबर होती.

कशी, ते पाहा. मराठीत तीन अक्षरी शब्दाचे मधले अक्षर दीर्घ ईकारान्त असेल आणि पहिले अक्षर ह्रस्व असेल, तर विभक्ती लागताना तो ईकार ह्रस्व होतो. 'गरीब–गरिबाला', 'वकील–वकिलाला', 'जमीन–जमिनीत'. आईने 'तिकीट' हा शब्द ऐकला, तो नपुंसकलिंगी ठरवला, 'तिकिटे', 'तिकिटाला' असा चालवला. हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता. संस्कृतातून आलेल्या शब्दांना मात्र या नियमातून सूट आहे. 'शरीर'चे 'शरिराला' होत नाही, 'शरीराला' असेच राहते. म्हणजे आजोळचा संस्कृत शब्द घरचे नियम पाळत नाही आणि सातासमुद्रापलीकडचा 'तिकीट' तंतोतंत पाळतो! पाहुणा कोण आणि घरचा कोण, याचा निवाडा जातीवरून करू नये, वागणुकीवरून करावा, हे भाषेइतके स्पष्ट कोणी सांगितले नसेल.

आणखी एक गंमत पाहण्याजोगी आहे. मराठीत अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचे दोन कळप आहेत. 'वाट'चे अनेकवचन 'वाटा' आणि तिचे सामान्यरूप 'वाटे-ला'. 'भिंत'चे अनेकवचन 'भिंती' आणि सामान्यरूप 'भिंती-ला'. इंग्रजीतून जे स्त्रीलिंगी शब्द आले ते मुकाट्याने या दोन कळपांत वाटले गेले. 'नोट' आणि 'बँक' गेल्या वाटेच्या कळपात: नोटा, नोटेला, बँका, बँकेत. 'सायकल', 'पेन्सिल' आणि 'मोटार' गेल्या भिंतीच्या कळपात: सायकली, सायकलीवर, पेन्सिली, पेन्सिलीने, मोटारी, मोटारीत. 'कंपनी', 'बॅटरी', 'डायरी' यांना शेवटी ईकार होताच; त्या सरळ 'काठी–काठ्या'च्या पंगतीत जाऊन बसल्या: कंपन्या, बॅटऱ्या, डायऱ्या. ही वाटणी कोणत्या समितीने केली? कोणत्याच नाही. लाखो निरक्षर आयांनी आणि हमालांनी, टांगेवाल्यांनी आणि कारकुनांनी ती केली, आणि ती इतकी नेमकी केली की मोरो केशव दामल्यांसारख्या वैयाकरणाने त्यांच्यापुढे हात जोडावेत. दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. पुस्तके मागाहून येतात. नियम आधी ओठांवर असतो.

आमच्या नागपूरचे एक प्रकरण येथे सांगितलेच पाहिजे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन भाषा राजभाषा ठरल्या होत्या. सचिवालयाला शब्द हवे होते. ते घडवण्याचे प्रचंड काम डॉ. रघुवीर यांनी येथे राहून केले. ते लाहोर सोडून आलेले, अफाट विद्वत्तेचे गृहस्थ. त्यांच्या पद्धतीतले मर्म असे होते की, शब्द एकटा नसावा, त्याचे कुटुंब असावे. 'विधि' म्हटले की 'वैध', 'विधान', 'विधायक', 'विधेयक' ही सारी भावंडे पाठोपाठ यावीत. संस्कृतातले उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांच्या बळावर हे होऊ शकते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या नावावर जे विनोदी शब्द खपवले जातात, त्यांतले बरेच त्यांचे नव्हतच, थट्टेखोरांचे आहेत. अशी थट्टा करणाऱ्यांना मी फारसे मोजत नाही. प्रत्ययाचे मोल ओळखणारा माणूस मला जवळचा वाटतो.

पण एक गोष्ट त्यांच्या योजनेत बसत नव्हती. शब्द घडवणे कोशकाराच्या हाती असते, तो चालवणे त्याच्या हाती नसते. 'अभियंता' हा शब्द घ्या. संस्कृतात त्याचे चालणे निराळे. मराठी माणसाने मात्र त्याचा शेवटचा आकार पाहिला आणि त्याला 'घोडा'च्या रांगेत उभे केले: अभियंते, अभियंत्याला, अभियंत्यांनी. 'नेता'चेही तेच केले. ज्या दिवशी एखाद्या कंत्राटदाराने कपाळाला हात लावून 'या अभियंत्यांना काय सांगावं!' असे म्हटले असेल, त्या दिवशी तो शब्द खऱ्या अर्थाने मराठी झाला. जे शब्द असे कोणाच्या तोंडून चालले नाहीत, ते आजही कोशात पाय जोडून बसलेले आहेत.

भाषाशुद्धीच्या वादातही हीच गल्लत मला दिसते. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' असे शब्द रूढ केले, माधव जूलियनांनी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. जूलियन स्वतः फारसीचे अध्यापक; तेव्हा हा प्रश्न त्यांना किती सोलून गेला असेल, याची कल्पना करता येते. या साऱ्या थोरांविषयी मला आदर आहे. परंतु वाद नेहमी शब्द कोठून आला यावर झाला. आल्यावर तो कसा वागला यावर झाला नाही. 'कागद', 'दुकान', 'वकील' हे राज्यव्यवहारकोशानंतरही टिकले, कारण तोवर ते 'कागदावर', 'दुकानात' आणि 'वकिलाकडे' येऊन राहिले होते. त्यांना काढावयाचे तर घराची भिंतच पाडावी लागली असती. फारसी-अरबी शब्दांनी आणखी एक पायरी ओलांडली. ते धातू झाले. खर्च–खर्चणे, बदल–बदलणे, फर्मान–फर्मावणे. 'त्याने आयुष्य खर्चले' यातले 'खर्चले' आता कोण परके म्हणेल?

इंग्रजी शब्द या शेवटच्या पायरीवर मात्र अडले आहेत. दीडशे-दोनशे वर्षे झाली, तरी इंग्रजी धातूला आपण आपला प्रत्यय सरळ लावत नाही. 'करणे'च्या खांद्यावर त्याला बसवतो. 'सेव्ह करणे', 'फोन करणे', 'डिलीट करणे'. तरीसुद्धा 'फाइल सेव्ह केली' आणि 'फोटो सेव्ह केला' असेच आपण म्हणतो. 'करणे' आपले लिंगवचनाचे कर्तव्य सोडत नाही. ज्या वस्तूला आणि क्रियेला आपल्याकडे शब्दच नव्हता, तिथे ही तडजोड मला मान्य आहे.

माझे भांडण पुढे सुरू होते. परवा आमच्याकडे सगळी मंडळी दूरदर्शन संचावर एक पाककृती पाहत होती. त्यातल्या बाई गोड आवाजात सांगत होत्या: कांदा कट करा, कोथिंबीर कट करा, नारळ कट करा, मेथी कट करा. मी सौभाग्यवतीकडे पाहिले. तिच्या विळीवर कांदा चिरला जातो, नारळ खोवला जातो, मेथी खुडली जाते, भोपळा कापला जातो, मुळा किसला जातो, वाटाणा सोलला जातो आणि शेवगा मोडला जातो. सात भाज्या, सात क्रिया, सात हातांच्या हालचाली. त्या सातांच्या ठिकाणी एक 'कट' येऊन बसला. येथे नवा शब्द आला असे म्हणता येत नाही. सात जुने गेले. आणि धातू जातो तो एकटा जात नाही. 'चिरणे' गेले की 'चीर' जाते, 'चिरफाड' जाते, 'चिरटी' मनातून उतरते. 'ठरवणे' सोडून 'डिसाइड करणे' धरले की 'ठराव', 'ठरीव', 'ठरवाठरवी' यांची मुळे सुकू लागतात. रघुवीरांनी नवी कुटुंबे वसवण्यासाठी आयुष्य वेचले. आपण वसलेली कुटुंबे बोलता बोलता उठवतो आहोत.

दुसरी तक्रार सामान्यरूपाची. वर्तमानपत्रांतून आणि संचावरील पट्ट्यांतून 'पुणेमध्ये', 'ठाणेचे' असे प्रयोग दिसू लागले आहेत. नागपूरकर पूर्वी 'धरमपेठेत' राहत असे; तो आता 'धरमपेठमध्ये' राहतो. पूर्वी आम्ही 'नागपुरात' राहत होतो. आता 'नागपूरमध्ये' राहतो. 'मध्ये' या शब्दाशी माझे वैर नाही. तो जुना, खानदानी शब्द आहे. पण तो 'घरामध्ये' असा यावयाचा, 'घरमध्ये' असा नव्हे. विशेषनामांना पूर्वीपासून थोडी सवलत आहे, हेही मान्य केले पाहिजे. 'नागपूरला' म्हणताना आपण ऊकार ह्रस्व करत नाही, 'प्रकाशला' म्हणताना 'प्रकाशाला' म्हणत नाही, कारण तसे म्हटले तर माणसाऐवजी उजेड समोर येतो. भाषेला असा तारतम्यभाव असतोच. मात्र सवलतीचाच नियम झाला, की मग 'टेबलच्या खाली', 'शाळामध्ये' हेही कानाला खटकेनासे होते. शब्द न वाकता वाक्यात येऊ लागतात. मराठीतला शब्द दारातून आत येताना जरा वाकतो; ते त्याचे सौजन्य आहे, आणि त्या वाकण्यातच तो वाक्यातल्या इतरांशी नाते सांगतो.

तिसरी तक्रार त्या 'एस'ची. 'फ्रेंड्स', 'टीचर्स', 'स्टुडंट्सना', 'पेरेंट्सनी'. येथे शब्दाबरोबर परका प्रत्यय आला आणि त्याच्या डोक्यावर आपला प्रत्यय बसवावा लागला. पूर्वीही एखादा 'एस' चुकून आत शिरला होता. 'मॅचेस' या अनेकवचनाची आपण 'माचिस' केली. पण त्यातला 'एस' आपल्याला प्रत्यय म्हणून ऐकूच आला नाही, शब्दाचाच भाग वाटला, आणि माचिस निमूटपणे एकवचनी झाली. 'बस'चे 'बसेस' झाले त्यालाही मी क्षमा करीन. कारण भिंतीच्या कळपात गेली असती तर 'बशी' झाली असती, आणि ती जागा चहाने आधीच अडवली होती. 'फ्रेंड्स'ला मात्र अशी कोणती अडचण होती? इंग्रजांनी आपला 'पंडित' नेताना 'पंडितांनी' नेले नाही. त्यांचा शब्द आणताना त्यांचे व्याकरणही डोक्यावर घेऊन आणण्याचे बंधन आपल्यावर कोणी घातले?

कोणी म्हणेल, हे शहरी शिक्षितांचे खूळ. त्याची एवढी काळजी कशाला? उलट, काळजी त्याचीच आहे. आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीला पुण्या-मुंबईचे लोक हसतात. 'मी येऊन राहिलो' असे आम्ही म्हटले की त्यांना हिंदीचा वास येतो. वास येतो तो खराच. शेजारी हिंदी आहे आणि शेजार लपत नाही. पण त्या प्रयोगातले प्रत्यय पाहा. तो 'येऊन राहिला', ती 'येऊन राहिली', ते 'येऊन राहिले'. रचना शेजारची, चाल मात्र अस्सल मराठी. खेड्यातली बाई 'डाक्टरले बोलाव' म्हणते तेव्हा डॉक्टराचा उच्चार बदलतो, पण द्वितीयेचा 'ले' जागच्या जागी असतो. 'डॉक्टर्सना कॉल कर' यात उच्चार शुद्ध आणि बाकी सारे पातळ. मला विचाराल तर पहिली बाई मराठीची राखण करते आहे.

साहित्याच्या दृष्टीने हा प्रश्न आणखी खोल आहे. एखादी इंग्रजी कथा 'मी'च्या तोंडून सांगितलेली असते आणि हा 'मी' पुरुष की स्त्री हे शेवटच्या पानापर्यंत कळू दिलेले नसते. मराठी अनुवादक पहिल्याच वाक्यात फसतो. 'मी उठलो' किंवा 'मी उठले' लिहावेच लागते. ही आपल्या भाषेची अडचण आहे. पण तिचे दुसरे अंगही आहे. आपल्या संतस्त्रियांनी आणि जात्यावर दळणाऱ्या बायांनी जे म्हटले, त्यातल्या क्रियापदाच्या एका एकाराने बोलणारी कोण आहे हे आपल्याला कळते. नाव खाली लिहावे लागत नाही. एवढी माहिती, एवढी जवळीक एका स्वरात मावते. प्रत्यय गेला तर ती जाते, आणि कोशात हजार शब्द नवे भरले तरी ती भरून येत नाही.

२०२० साली महाराष्ट्रात सर्व शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण कायदा मराठीचा तास ठरवू शकतो; तो तास सुटल्यावर मूल टेबलाखाली शिरते की टेबलच्या खाली, हे घरातच ठरते. तेथे सरकार येत नाही आणि येऊही नये. तेथे आजी असते, विळी असते, आणि कोणी चुकले तर पाहुण्यांच्या देखत न हसता बरोबर रूप सहज पुन्हा उच्चारणारा एखादा माणूस असावा लागतो. मी आईच्या बाबतीत तसा झालो नाही. ती गेली; क्षमा मागायचे राहून गेले.

नातीला मी यातले सगळे सांगितले नाही. सणाच्या दिवशी मुलांना इतके ऐकवू नये. मुंगसाची गोष्ट मात्र सांगितली, तो आपल्याकडून तिकडे गेला हे सांगितले. ती ऐकून तिला भारी गंमत वाटली. वहीत तिने 'मंगूसेस' लिहिले. मग पेन्सिल चावत म्हणाली, "आजोबा, पण आपल्याकडे अनेक असले तर काय म्हणायचं?"

"मुंगसे."

"आणि त्यांना लाडू द्यायचा असला तर?"

"मुंगसांना."

तिने ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिले. तेवढ्यात फाटकाशी कोणी हाक मारली. ती धावली, आणि अंगणातून तिचा आवाज आला, "आजी, माझ्या फ्रेंड्स आल्यात, त्यांना चकल्या दे!"

मी काही बोललो नाही. 'फ्रेंड्स'मधला तो 'एस' कानाला टोचला खरा. पण 'माझ्या', 'आल्यात', 'त्यांना' आणि 'चकल्या' ही चार रूपे जागच्या जागी होती. चारास एक हे प्रमाण आजच्या दिवसात वाईट नाही, असे मनाशी म्हणून मी चकल्यांचा डबा उघडला.